खोट्या उपासाची दिवाळी

माझे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जेवता जेवता उजव्या अंगाने लुळे पडले. पुढची तीन वर्षं आई त्यांना भरवत होती. मी चाळिशीला आलो तेव्हा कचेरीतल्या खुर्चीत मावत नव्हतो. दसऱ्यानंतर डोकं फार दुखायला लागलं, म्हणून अमरावतीच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, मला काट्यावर उभं केलं आणि वडील कशाने गेले ते विचारलं.

"तुम्हीही त्याच वाटेला लागलात," ते म्हणाले. "दिवाळीनंतर या. वजन वाढलेलं मला चालणार नाही."

मला काळजी वाटली की भूक लागते. तिथून निघालो तो थेट चौकात चार आलुबोंडे खाल्ले आणि मगच निश्चय केला. पण निश्चय पक्का होता. मला कुणाच्या हातून भरवून घ्यायचं नव्हतं.

अडचण अकोल्याची होती. दर दिवाळीला आम्ही सासुरवाडीला जायचो, आणि वऱ्हाडात जावयाने ताटातलं टाकलं म्हणजे सासूच्या हाताला नावं ठेवल्यासारखं होतं. बायको म्हणाली, सरळ सांगून टाका. पण "मी आजारी आहे" हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. चाळिशीतला जावई आजारी म्हटलं की अख्ख्या गल्लीत कुजबुज. बडनेऱ्याहून गाडी सुटली आणि मला युक्ती सुचली. पोचल्या पोचल्या सासूबाईंना सांगितलं, देवीला बोललोय, भाऊबीजेपर्यंत रोज उपास.

करंज्या, अनारसे, चिवडा, सगळं एका वाक्यात हटवलं म्हणून मी स्वतःवर खूश झालो. बायकोने माझ्याकडे पाहिलं ते मात्र कीव आल्यासारखं.

तासाभराने ताट आलं. तुपात न्हालेली साबुदाण्याची उसळ, तिच्यात साबुदाण्यापेक्षा दाणेच जास्त. भगर, वर दाण्याची आमटी. तुपात परतलेली रताळी, गुळाचे लाडू आणि वाटीभर बासुंदी. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो, तरी या सापळ्यात मी आपल्या पायांनी चालत गेलो होतो. त्यात उपासकऱ्याला आग्रह करणं पुण्याचं काम, म्हणून शेजारणीही वाट्या घेऊन येऊ लागल्या. मी नाही म्हणालो की त्या देवीची शपथ घालत. दोन दिवसांत सदऱ्याची गुंडी तुटली.

पाडव्याच्या सकाळी डोकं ठणकत होतं. लाडू उचलायला गेलो तर उजव्या हाताला मुंग्या आल्या. रात्रभर त्याच कुशीवर झोपलो होतो, एवढंच कारण होतं. पण तेव्हा मला वडिलांचा पानात पडलेला हात दिसला. मी लाडू खाली ठेवला आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. वडिलांचं, डॉक्टरांचं, खोट्या उपासाचंही.

त्या ताट उचलत म्हणाल्या, "जवाईबापू, हे पयल्याच दिवशी कावून नाई सांगतलं? मी तुमाले चारून राहिली होती का मारून?"

दुपारी पानात ज्वारीची एक भाकर आणि अंबाडीची भाजी आली. दुसरी मागितली तर त्यांनी टोपली मागे सरकवली. शेजारीण वाटी घेऊन आली तेव्हा तिला परत पाठवायला सासूबाई उठू लागल्या. मी त्यांना बसायला सांगितलं. हे माझं मलाच करायचं होतं. वाटी पोचवायला मी शेजारणीबरोबर तिच्या घरी गेलो.

"काकू, माझा उपास नव्हता," मी म्हणालो. "रक्तदाब आहे. गोड खाणार नाही. पाणी द्या, बसतो."

काकूंचा चेहरा उतरला. तरीही मी बसलो. त्या दिवशी वाट्या आणणाऱ्यांची अशी सहा घरं केली, सगळी पायी. सहाव्या घरी जीभ अडखळली नाही.