खांबाची मूठ

माझ्या नवऱ्याला बँडमध्ये सगळे खांब म्हणतात. बाकीचे स्टेजवर नाचतात, केस उडवतात. हा मागे ड्रमच्या शेजारी उभा राहून बास गिटार वाजवतो. चार जाड तारांची ती गिटार. ती वाजत असताना कुणाचं लक्ष जात नाही, बंद पडली की मात्र गाणं लंगडतं. लग्नाआधी हे मला फार भारी वाटायचं. खांबाशी संसार करणं म्हणजे काय, ते आता माझं मलाच ठाऊक.

आठवडाभर तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि शनिवार-रविवारी बँड. बास कुणाकडे शिकला नाही. तरुणपणी एका बंद पडलेल्या बँडकडून जुनी गिटार उचलली आणि टेपला कान लावून बसला. त्या गिटारची मान वाकलेली होती, तारा इतक्या वर की खालून पेन्सिल आरपार गेली असती. सूर काढायला सगळी ताकद लावावी लागायची. याला वाटलं, बास म्हणजे हे असंच. गिटार बिघडलेली आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. पुढे चांगली गिटार घेतली, पण हात जुन्या गिटारचाच राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत.

मागच्या हिवाळ्यात डाव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागली. आधी कार्यक्रमानंतर, मग पाना फिरवताना, शेवटी कप उचलतानाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असंच वाजवत राहिलात तर गिटार कायमची खाली ठेवावी लागेल. तो घाबरला होता. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते, कारण गिटार नसलेला हा माणूस मला ठाऊकच नाही.

मग मीच शिकवणी शोधली. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या वर एक खोली, भिंतींना राखाडी फोम चिकटवलेला, दोन खुर्च्या आणि कुबट वासाचा गालिचा. शिकवणारी बाई आमच्या मुलीच्या वयाची. पहिल्या दिवशी मी सोबत गेले, नाहीतर स्वारी जिन्यातूनच परत फिरली असती.

त्याने आपल्याकडचं सगळ्यात अवघड वाजवून दाखवलं. जरा ऐटीतच. बाई ऐकण्यापेक्षा बघत जास्त होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "काका, तालाला पक्के आहात. पण ही गिटार कुठे पळून जाणार आहे का?"

"म्हणजे?"

"मग एवढी आवळून का धरलीय?"

मला हसू फुटलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने गालिच्याकडे बघायला लागले.

बाईंनी धडा दिला तो असा. डाव्या हाताचं बोट तारेवर नुसतं टेकवायचं; उजव्याने तार छेडली की ठक्क असा मेलेला आवाज येतो. मग दाब जरा जरा वाढवायचा. सूर स्वच्छ निघाला की तिथेच थांबायचं, त्यापुढचा जोर सगळा वाया. ऐकायला किती सोपं! पण याच्या हाताला दोनच गोष्टी येतात, टेकणं आणि गळा आवळणं. मधलं काही नाही.

घरात ठकठक सुरू झाली. मी लॅबमध्ये रक्त काढते. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात, आणि घरी आलं की ठक, ठक, ठक. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "कपाट जोडताय का हो?" म्हटलं, "नाही, नवरा दुरुस्त करतेय."

"एवढी वर्षं वाजवतोय आणि आता अ आ इ ई," तो वैतागायचा. "दमलो गं."

"मीही दमलेय. वाजव."

आम्ही पहिल्यापासून एकमेकांना अरे-तुरे करतो. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खुपलं.

एकदा शिकवणीहून तो ओशाळून आला. "बाई म्हणाल्या, घरातल्या कुणाच्या तरी हातावर सराव करा. समोरच्याला कळेल इतकंच दाबायचं. लागलं तर त्याने सांगायचं."

आता घरात आम्ही दोघंच. मी हात पुढे केला. त्याने चारही बोटं ठेवली आणि मी ओरडलेच.

"लागतंय!"

"आता?"

"लागतंय."

रोज संध्याकाळी हेच. लॅबमध्ये मी लोकांना आधी मूठ वळा म्हणते, मग सोडा म्हणते. निम्मे लोक सोडतच नाहीत. सुई निघते, कापूस लागतो, तरी मूठ घट्टच. पूर्वी मी खेकसायचे. आता वाटतं, सोडायला सांगितलेलं त्यांच्या हातापर्यंत पोचतच नसेल.

मग एक मोठा कार्यक्रम आला. पहिलं गाणं त्याने हलक्या हाताने वाजवलं. दुसऱ्याला बँडचा गायक मागे वळून म्हणाला, "खांब, झोपलास का? ऐकू येत नाहीये!" आवाजाचं बटण शेजारीच होतं, नुसतं फिरवायचं. पण याची मूठ वळली ती वळलीच. शेवटच्या गाण्यापर्यंत जुन्याच हाताने वाजवलं. घरी आला तेव्हा अंगठा टम्म सुजला होता. मी बर्फ बांधला. फार राग आला होता मला, पण कुणाचा ते कळेना.

पुढच्या आठवड्यात गायक घरी आला. "जसं वाजवायचास तसंच वाजव," म्हणाला. "नाहीतर बास आम्ही कीबोर्डवर काढू."

याने आपल्या हाताकडे पाहिलं. हो म्हणाला असता तर मी काही बोलले नसते.

"कीबोर्डवर काढा," तो म्हणाला. "हात बरा झाला की सांगतो."

"तोवर जागा राहील असं नाही."

"माहीत आहे."

आता शनिवार-रविवारी तो घरी असतो. तेलही गेलं, तूपही गेलं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. शिकवणी मात्र सुटली नाही. तो जिना तो चढतोच, कंटाळत, कुरकुरत.

परवा लॅबमध्ये श्वास घ्यायला फुरसत नव्हती. घरी येऊन सोफ्यावर बसले ती चपला न काढताच. तो शेजारी येऊन बसला. मी हात पुढे केला. त्याने बोटं ठेवली, हळूहळू दाब दिला आणि थांबला.

लागलं नाही. बोटं तिथे आहेत एवढंच कळत होतं. दिवसभर मी इतक्या जणांचे हात धरले होते. माझा कुणी धरला नव्हता.

"लागतंय?" त्याने विचारलं.

नाही म्हटलं असतं तर तो तसाच उठून गिटारकडे पळाला असता.

"अजून कळत नाहीये," मी म्हणाले. "जरा वेळ राहू दे."