दोन बेटं आणि आमच्या खिडक्या

नव्वदच्या दशकातली ती रविवारची सकाळ आठवली की अजून डोकं फिरतं. भूगोलाच्या प्रोजेक्टसाठी मी दोन छोट्या बेट-देशांच्या कारखान्यांतून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची तुलना करत होते. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत ऑफिसर असलेले बाबा आलेख काढून देत होते. उंच खांबाच्या देशाकडे बोट दाखवत म्हणाले, "लाज कशी वाटत नाही यांना!"

मग घड्याळ बघून उठले आणि खिडक्या लावून घेतल्या. घराजवळची ती कंपनी हवेत विषारी गॅस कधी सोडणार, हे त्यांना आधीच ठाऊक असायचं.

समोरच्या काकू अंगणात बाळाला तेल लावत बसल्या होत्या. त्यांना एक हाक मारायला बाबांचं काय जात होतं?

आणि माझं? मी काचेआडून बघत परक्या देशाचा खांब काळा रंगवत होते.