दसऱ्याच्या दिवशी इंजिनाचं टायमिंग

मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो, त्यामुळे मला सगळंच कळतं अशी माझी पक्की समजूत होती. सत्तरच्या दशकात सात रस्त्याजवळच्या आमच्या गल्लीत मोटार एकच होती, जुनी आणि माझी. तिच्याविषयी दिवसभर बोलणाराही मी एकटाच.

त्या वर्षी खंडेनवमीला वडील जेवता जेवता म्हणाले, "उद्या कुंभारीला जाऊ. दादाला सोनं द्यायचंय." आम्ही घास हातातच धरून बसलो. वडील आणि कुंभारीचे थोरले काका सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. विहिरीवरच्या पंपाची पाळी आधी कुणाची, एवढ्यावरून बिनसलं होतं. हा दसरा हुकला तर वडील पुन्हा तयार व्हायचे नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

चढ आला की गाडी खडखडायची. ती काकांच्या दारात अशी कशी न्यायची? इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, मी स्वतःच जुळवायचं ठरवलं. आमचा मिस्त्री ते नुसत्या कानानं जुळवायचा आणि मला त्याची कीव यायची. माझ्याकडे इंग्रजी पुस्तक होतं. प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर मी उपसला, पुसला, पुलीवरची खूण इंजिनावरच्या खुणेला लावली आणि तो परत बसवला. पुस्तकातलं पुढचं पान वाचायची मला गरज वाटली नाही.

दसऱ्याला सकाळी वडील फेटा बांधून, आपट्याच्या पानांची जुडी हातात घेऊन मागच्या सीटवर बसले. मी चावी फिरवली. असा बार उडाला की समोरच्या आजोबांनी विचारलं, "यंदा दसऱ्यालाच दिवाळी का?"

तासभर मी बार काढत राहिलो. "बसनं जायचं का?" असं वडिलांना दोनदा विचारलं. "नको, होऊ दे तुझं," ते म्हणाले. त्यांना माझ्या गाडीचा केवढा अभिमान, असं वाटून मी सुखावलो.

शेवटी चालत मिस्त्रीचं घर गाठलं. त्याचे पाने, हातोडे, पक्कड सगळं पाटावर मांडलेलं, हळदकुंकू लावून झेंडूखाली झाकलेलं.

"आज हत्याराला हात लावत न्हाय, सर."

मी त्याला अंधश्रद्धेवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. त्यानं ते शांतपणे ऐकलं आणि तो म्हणाला, "व्हय की. पण लावत न्हाय. जायचंय कुटं?"

मी सांगितलं. त्यानं चपला घातल्या आणि तो रिकाम्या हातानं माझ्याबरोबर निघाला.

"खूण लावताना एक नंबरचा प्लग काढून भोकावर बोट धरलं हुतं का? हवा बोटाला ढकलत हुती?"

"नाही."

"खूण दोन फेऱ्यांत दोनदा येतीया, सर. एकदा ठिणगीच्या वेळंला, एकदा धूर भाईर जाताना. तुमी धुराची धरली."

न वाचलेल्या पानावर नेमकं हेच छापलेलं होतं. गाडीपाशी आल्यावर त्यानं डिस्ट्रिब्युटरवरच्या चारही वायरी उपटल्या आणि प्रत्येक वायर बरोबर समोरच्या भोकात खोचली. गाडी सुरू झाली. खालचा बोल्ट मी ढिलाच ठेवला होता. डोळे मिटून, कान लावून, त्यानं डिस्ट्रिब्युटर हातानंच जरासा फिरवला आणि खडखड थांबली.

"आता आवळाया पाना पायजे. तुमच्या पान्याची पूजा झालीया?"

"छे! मी तसलं काही मानत नाही."

"मग त्यो चालतोय की. आवळा तुमीच."

माझी विज्ञाननिष्ठा त्या दिवशी एवढ्याच कामाला आली.

कुंभारीला पोचायला दुपार झाली. काका अंगणातच उभे होते. पुन्हा सुरू होईल की नाही या भीतीनं मी इंजिन चालूच ठेवलं. वडील उतरेनात. वळून पाहिलं तर पानं कोमेजलेली आणि दाराची कडी त्यांनी आतून घट्ट धरून ठेवलेली. गाडी सुरूच होऊ नये असं ते सकाळपासून मनात म्हणत होते, हे मला तेव्हा कळलं. माझी मलाच लाज वाटली.

काका आले. पलीकडचं दार उघडून वडिलांच्या शेजारी बसले.

"लई उशीर केलास रं."

वडिलांनी पानं त्यांच्या हातात ठेवली. मग वडिलांनी माझ्या खांद्याला हात लावला.

"बंद कर ते. आता कुटं जायचंय?"