ठरावभाऊ बाहेर गेले नाहीत

आमच्या गावात कुणाकडे चार माणसं चहाला बसली, की ठरावभाऊ आधी विचारायचे, "कोरम झाला का?" मगच कपाला हात लावायचे. एका लग्नात भाजी वांग्याची करायची की वालाची, यावरून व्याह्याव्याह्यांत जुंपली, तेव्हा हे मधेच उठून म्हणाले, "सूचक भेटला, आता अनुमोदक कोण हाये?" सगळे हसले आणि भांडण तिथेच मिटलं. त्यांचं खरं नाव त्यांची बायको घेत नसे आणि बाकीच्यांना ते आठवत नसे. मासेमारी संस्थेचे ते जुने संचालक. बैठकीचे नियम त्यांना माझ्या आईला आरती पाठ असावी तसे पाठ होते.

गावचा मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना तलाव, या संस्थेकडे आहे. सभासदाच्या घरानेच त्यात जाळं टाकायचं, अशी रीत. माझे वडील गेले, भाऊ नागपुरात रमला, आणि जाळं माझ्या हातात आलं. पण सभासद म्हणून बाईचं नाव संस्थेत कधी लागलेलंच नव्हतं. बायकांनी जाळं ओढायचं, बाजारात ऊन खात बसायचं, सही मात्र पुरुषाची! मी गप्पच बसले असते. ठरावभाऊच घरी आले नि म्हणाले, "अर्ज कर बाई. मी हाये ना."

त्यांनी मला नियम शिकवला तो तलावाच्या पाळीवर, शिंगाडे मांडून. नवा सभासद घ्यायचा तर बैठकीला हजर असलेल्या संचालकांपैकी दोन तृतीयांश हात वर व्हावे लागतात. "हे दहा हजर. सात हात पायजे," ते म्हणाले. मग एक शिंगाडा उचलून त्यांनी तोंडात टाकला. "हा उठून बाहेर गेला. राह्यले नऊ. आता सहा पुरते. पण हा आतच बसला आन् हात नाई केला तं?"

"मग सातच लागतील."

"मंग तो गप बसला का विरोधात बसला? समजून राह्यली ना? आपल्या संस्थेत तटस्थ म्हणजे विरोधातच. ज्याले मधात पडाचं नाई, त्यानं बाहेर जावं."

स्वतः ते हे पाळायचे. सोयऱ्याधायऱ्यांचा वाद बैठकीत आला, की तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकायच्या निमित्ताने बाहेर पडायचे, आणि मतदान आटपेपर्यंत तो खर्रा काही थुंकून संपायचा नाही. त्यावरून आम्ही त्यांना फार चिडवायचो.

माझ्या अर्जाच्या दिवशी आम्ही बायका ओसरीत खिडकीपाशी उभ्या होतो. आत दहा जण. बाजूने सहा हात वर झाले. विरोधात तीन, त्यात अध्यक्षांचा पहिला. ठरावभाऊ गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. गालात खर्रा होता, दार सताड उघडं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, हात नका करू भाऊ, पण उठा तरी. ते उठले नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "तटस्थ एक. ठराव नामंजूर."

आईने माझा दंड धरला. "सहा तं तिनापेक्षा जास्त हायेत ना गे? मंग आपण हारलो कसे?"

मी तिला बोटांवर मोजून दाखवलं: भाऊ उठून गेले असते, तर नऊ जणांत हेच सहा पुरले असते.

तलाव हातचा गेला. आता मी दुसऱ्यांचे मासे घेऊन बाजारात बसते. पुन्हा अर्ज केला, पण तोवर त्या सहांचाही धीर सुटला होता. ठरावभाऊ मात्र गावभर सांगत फिरले, "मी काई विरोधात हात नाई केला." आणि लोकांना ते पटलं! विरोध करणाऱ्या तिघांशी मी आजही बोलते. त्यांनी निदान तोंडावर हात वर केला होता.

तरी मी त्यांच्यासाठी सबबी शोधत राहिले. वय झालं, गोंधळले असतील, कोण हजर नि कोण नाही याचा घोटाळा झाला असेल. त्यांचा मुलगा मोहर्लीला अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या रिसॉर्टवर गाडी चालवतो, हे मला ठाऊक होतं. पण या दोन गोष्टी मी एकमेकींजवळ येऊ देत नव्हते. ज्याने आपल्याला शिकवलं, त्याच्याबद्दल असं मनात आणायची लाज वाटते.

मागच्या बाजारात ते माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. "झिंगे ताजे हायेत का बाई?"

मी विचारलंच, "भाऊ, त्या दिवशी तुमचा हिशेब चुकला होता ना?"

हो म्हणाले असते, तर टोपलीभर झिंगे त्यांच्या पिशवीत ओतले असते मी.

"माहा हिशेब?" त्यांना ते लागलं. "कधी चुकला का तो?" मग आवाज खाली आला. "हात केला असता तं पोराची नोकरी गेली असती. बाहेर गेलो असतो, तरीबी अध्यक्षाले समजलं असतं. त्यालेबी हा हिशेब मीच शिकवला होता ना, पोरी."

मी झिंगे तोलून त्यांच्या पिशवीत टाकले. त्यानंतर मी त्यांना भाऊ म्हणून हाक मारलेली नाही.