जाळलं तेवढंच खाल्लं

वजन कमी करायला पायी निघालेली बाई आगगाडीनं जाऊन भलत्याच गावात सापडली, तर तिला 'हरवली' म्हणू नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. आमच्या घरात ते कुणालाच पटत नाही.

झालं असं, की डॉक्टरांनी माझा बीपी बघितला, वजन बघितलं आणि म्हणाले, "बाई, महिनाभरात तीन किलो उतरवा. नाहीतर गोळी सुरू करू, आणि ती कायमची." मी शाळेत शिकवते. जन्मभर पोरांना मुदती देत आले, आता मलाच मिळाली. पुण्याच्या आमच्या नव्या सुनेला, केतकीला, हे कळलं आणि चारच दिवसांत तिनं मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं. किती चाललात, किती कॅलरी जाळल्या, सगळं ते सांगतं. वर माझ्या फोनमध्ये मुलाकडून असं काही करून घेतलं, की मी कुठं आहे ते तिला पुण्यात बसून दिसावं. "काळजी वाटते म्हणून हं, आई," म्हणाली. नव्या सुनेला नाही कसं म्हणणार?

चालायला सोबत म्हणून मी थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना, धरलं. त्या आमच्या शेजारीच राहतात. माझ्याहून वयानं थोरल्या, वजनानं थोरल्या आणि हट्टानं तर फारच थोरल्या. पहिल्या दिवशी तासभर चालून आलो. घड्याळात तीनशे कॅलरी आल्या.

"तीनशे म्हंजे किती गं?" अक्कांनी विचारलं.

मी फोनमध्ये बघितलं. "दोन पुऱ्या अन् वर थोडी भाजी."

"मग खाऊ की. आपल्याच हायेत."

घरात वाद पेटला तो इथं. आमचे हे म्हणाले, "जाळलेलं परत भरायचंच असंल तर जाळायला जाता कशाला? घरीच बसा." (हे पाटबंधारे खात्यात आहेत. पाणी सोडायचं आणि पुन्हा भरायचं, हे निदान त्यांना तरी कळायला हवं होतं.)

अक्का म्हणाल्या, "भाऊजी, बैलानं दिवसभर औत वढलं, तर संध्याकाळी त्याला पेंड घालतेत का न्हाई?"

"त्या बैलाला डॉक्टरनं वजन उतरव म्हणून सांगितलेलं नसतं, वैनी."

शेवटी केतकीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "थोडंसं खाल्लं तर चालतं, आई. पण ही घड्याळं जरा जास्तच दाखवतात, म्हणून निम्म्याच्या आत. आणि खाल्लेलं सगळं ॲपमध्ये लिहायचं."

आम्ही त्यातलं 'चालतं' तेवढं घेतलं.

मग अक्कांनी पिंगळी शोधून काढली. रविवारी पहाटे परभणीहून निघायचं, पिंगळीपर्यंत पायी जायचं आणि येताना गाडीत बसायचं. यात व्यायाम खरोखर होता, हे मी शपथेवर सांगते. फक्त स्टेशनाजवळ एक हॉटेल होतं. तिथं सुशीला मिळायचा. (आमच्याकडं भिजवलेले चुरमुरे कांदा, मिरची आणि शेंगदाण्याचं कूट घालून परततात, त्याला सुशीला म्हणतात. नाव बाईचं असलं तरी गडी आहे.) सोबत मिरचीची भजी. घरी आल्यावर मी ॲपमध्ये लिहायची, 'मोड आलेले मूग, एक वाटी.' केतकी लगेच अंगठा पाठवायची. तो बघून माझा घास अडकायचा, पण तोवर खाऊन झालेलं असायचं.

तिसऱ्या रविवारी ऊन जास्त होतं. बाकावर टेकल्या टेकल्या अक्का म्हणाल्या, "घड्याळ काय म्हनतंय?"

"सातशे."

"मालक, सातशेचं द्या."

मालकाला ते रुपये वाटले आणि त्यानं त्या मानानं मांडायला सुरुवात केली. दोघींनी मिळून थांबवलं, पण जरा उशिरानं थांबवलं. तेवढ्यात यांचा फोन यायला लागला. भरल्या तोंडानं काय बोलणार? मी फोनचा आवाज बंद करून पर्समध्ये टाकला.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. वारं सुटलं होतं, पोट भरलं होतं, पाय दुखत होते. अक्का म्हणाल्या, "परभणी आली की उठव." मी म्हटलं, "तुम्हीच मला उठवा." आणि दोघीही एकमेकींवर विसंबून झोपलो.

जाग आली तेव्हा समोरचे आजोबा विचारत होते, "कुठं उतरायचं, बाई?"

"परभणी."

"परभणी तर कवाच गेली. ह्ये मानवत रोड यायलंय."

इकडं केतकीनं सकाळी सहज फोनमध्ये बघितलं होतं, तर तिच्या सासूचा ठिपका परभणी ओलांडून सुसाट पुढं चाललेला. तिनं यांना फोन केला. "बाबा, आई ताशी साठच्या वेगानं चालल्यात."

हे म्हणाले, "शक्यच न्हाई. बेल वाजली तर दारापर्यंत यायला तिला पाच मिन्टं लागतेत."

पण मी फोन उचलत नाही म्हटल्यावर त्यांच्याही मनात नाही नाही ते यायला लागलं. कुणी फोन चोरला, कुणी पळवून नेलं, कुणाला चक्कर आली. (पळवून नेण्याची शंका यांना आली, याचं मला अजून बरं वाटतं.) मानवतला अक्कांची लेक दिली आहे. यांनी तिच्या सासऱ्यांना फोन केला आणि ते तसेच मोटरसायकल काढून स्टेशनावर आले.

आम्ही फलाटावर उभ्या होतो. व्याह्यांनी आमच्याकडं बघितलं, मोटरसायकलकडं बघितलं, आणि ते रिक्षा आणायला गेले.

घरी विहीणबाई दारातच उभ्या होत्या. मी म्हटलं, "फक्त पाणी द्या. आमचं खाणं झालंय."

"व्याह्याच्या दारातून उपाशी जायलाव का? मग लोक काय म्हनतील आमाला?"

अक्कांनी माझ्या कानात सांगितलं, "लेकीच्या सासरचं हाय. न्हाई म्हनू नको, सुनंदा." मग काय, लेकीच्या संसारासाठी मी जेवले. शेंगाच्या पोळ्या, वर तूप, आणि तूप वाढायला विहीणबाई स्वतः. तिसरी पोळी ताटात पडली आणि अक्कांच्या लेकीनं काळजीपोटी केतकीला व्हिडिओ कॉल लावला. "ह्या बगा तुमच्या सासूबाई, एकदम सुखरूप," म्हणत तिनं फोन माझ्यासमोर धरला.

केतकीनं आधी माझा चेहरा बघितला. डोळे पुसले. मग ताट बघितलं.

"आई," ती म्हणाली, "मूग का?"

मी सगळं सांगून टाकलं. सुशीला, भजी, सातशेचा घोळ, तिन्ही रविवार. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं "हं" म्हणत राहिली.

महिना संपला. डॉक्टरांच्या काट्यावर चढले, तर दीड किलो जास्त. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. संध्याकाळी केतकीला खरं तेच सांगितलं. तिनं तिकडं काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाली, "आई, एवढं सगळं जाळायचं तर तुम्हाला परभणीहून पुण्याला चालत यावं लागेल."

मी म्हटलं, "येते की. वाटेत जेवायची सोय कुठं कुठं आहे, तेवढं बघून ठेव."