लिंबाएवढ्या गाठीशी वाद

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. मी त्याच कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. ते वरच्या मजल्यावर मन शिकवायचे, मी खालच्या मजल्यावर मेंदूच्या बरण्या पुसायचो. मध्ये एक जिना. एकतीस वर्षांत तो उतरून ते एकदाही आमच्याकडे आले नाहीत. "तुझ्या त्या लोणच्यात मला काय सापडणार?" म्हणायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. लाज वाटते आता.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे माझा राग आवरायचा नाही.

त्यांच्या घरात एक नियम होता. भांडण झालं की दोघांनी जेवणाच्या टेबलाशी बसायचं. समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं. "हो, हेच म्हणायचंय मला," असं तो म्हणाला की मगच आपलं उत्तर. ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची, दुसऱ्याची चूक काढणं हा तिचा धंदाच. ती त्यांना पार लोळवायची. "अर्धवट मांडलंत, पुन्हा मांडा," म्हणायची, आणि ते खुशीत पुन्हा मांडायचे. असा संसार मी दुसरा पाहिला नाही.

मग ताई बदलली. दूध करपून पातेलं काळं पडलं तरी बाजूच्या खोलीत बसून राहिली. शेजारणीचा नवरा गेला, तिथे भेटायला गेली आणि हसली. अंघोळ नको, केस विंचरणं नको. छापखान्यातून निरोप आला की चुका तशाच राहताहेत, त्यांना घरीच राहू द्या.

भावजींनी काय करावं? तिला टेबलाशी बसवलं. रोज.

"दूध का करपू दिलंस?"

"वास आला नाही."

"ही सबब झाली. बरं, माझं म्हणणं मांड."

ताई भिंतीकडे बघायची. तिला मांडता यायचं नाही, आणि यांना वाटायचं ती मुद्दाम मांडत नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात ना? यांनी माझ्या बहिणीला दोन वर्षं तेवढाच मार दिला.

मी एकदा धीर करून म्हटलं, "भावजी, डोक्याचा फोटो काढू या. मेंदूचा पुढचा भाग बिघडला की माणूस असं वागतो. आमच्या पुस्तकात आहे."

"तुझी बहीण काय यंत्र आहे?" ते म्हणाले. "तिच्या वागण्यामागे हेतू आहे, आणि तो मी तिच्याच तोंडून ऐकणार. तिला दवाखान्यात नेणं म्हणजे तिचं ऐकायलाच नकार देणं. हा तिचा अपमान आहे."

बोलणं इतकं सुंदर होतं की मी गप्प बसलो. बरण्या पुसणाऱ्याने प्राध्यापकाला काय शिकवायचं? शिवाय बहिणीच्या संसारात नाक खुपसू नये म्हणतात. खुपसायला हवं होतं.

पुढे त्यांनी अबोला धरला. ती कारण सांगेपर्यंत बोलायचं नाही. एकवीस दिवस. ताईच्या ते लक्षातही आलं नाही, आणि त्यालाही ते माज म्हणाले.

शेवटी ती दाराच्या चौकटीला धडकायला लागली, म्हणून मी तिला चष्मेवाल्याकडे नेलं. त्याने डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, "चष्मा राहू द्या. डोळ्यामागची नस सुजलीय. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या."

गाठ निघाली. कपाळामागे, लिंबाएवढी. कर्करोगाची नव्हे, सावकाश वाढणारी, वर्षानुवर्षं मेंदू दाबत बसलेली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "यांना वास येणं कधीपासून बंद झालं?"

भावजींनी तारीख सांगितली. वारासकट.

"इतकं नेमकं कसं आठवतं?"

"त्यावर आमचा वाद झाला होता."

बाईंनी ती तारीख कागदावर लिहून घेतली. मग म्हणाल्या, तेव्हाच आणलं असतं तर बहुधा पूर्ण बऱ्या झाल्या असत्या.

गाठ काढली, पण मेंदूचं जे जायचं ते गेलं होतं. ताईला आता एका डोळ्याने पुसटसं दिसतं. भरवलं तर जेवते. बैल गेला आणि झोपा केला, तसे भावजी हल्ली जिना उतरून खाली येतात, विद्यार्थ्यांच्या स्टुलावर वही घेऊन बसतात.

"आता काय उपयोग?" मी तोंडावर विचारलं.

"माणूस आपल्या वागण्याला जबाबदार कधी असतो, हे मी तीस वर्षं शिकवलं," ते म्हणाले. "आणि वागणं जिथून येतं ती वस्तू कशी बिघडते, हे कधी पाहिलं नाही. युक्तिवाद बिनचूक होते रे माझे. कशाबद्दल होते तेच मला ठाऊक नव्हतं."

बरणी डोक्यात घालावीशी वाटली. रडूही आलं. मी त्यांना पुस्तक काढून दिलं.

परवा दुपारी त्यांच्या घरी गेलो, तर ते ताईच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसले होते.

"चूक माझी होती," ते तिला म्हणत होते. "मला माफ केलंस?"

"हो," ताई म्हणाली.

त्यांचा चेहरा जरासा सैल झाला. पण ताई हल्ली सगळ्यालाच हो म्हणते. खिडकी उघडू? हो. लावून घेऊ? हो. हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे. त्यांनीच पुन्हा विचारलं,

"की नाही केलंस?"

"हो," ताई म्हणाली.