हिरवेसाहेबांचा शुद्ध धूर

छापखान्यात दादांना सगळे हिरवेसाहेब म्हणत. आडनाव काही हिरवे नव्हतं हो. खोकी, पिशव्या, पाकिटं, डबे यांच्यावर काय छापायचं ते ठरवणं हे त्यांचं काम, आणि छापायला काहीही आलं तरी दादा त्याच्या कोपऱ्यात एक हिरवं पान लावत. बिस्किटाला पान, साबणाला पान, फरशी पुसायच्या औषधाला पान. एकदा तर उंदरांच्या गोळ्यांच्या खोक्यावर त्यांनी दोन कोवळी पानं काढली आणि खाली ओळ घातली, 'निसर्गाच्या जवळ'. गोळ्यांचे मालक जाम खूश झाले. उंदरांना कुणी विचारलं नाही.

घरी मात्र हा माणूस नाकाने कांदे सोलायचा. दूध तापवायच्या आधी त्याचा वास घ्यायचा. सफरचंद खिडकीपाशी नेऊन, वर मेण चोपडलंय का म्हणून नखाने खरवडायचा. मधाचा थेंब कागदावर टाकून तो पसरतो का, ते बघत बसायचा. बायकोचा जीव नुसता मेटाकुटीला यायचा. ती म्हणायची, "अहो, लग्नाआधी मलाही कागदावर टाकून बघितलं होतंत का?" आणि एवढा चोखंदळ माणूस सकाळी डोळे उघडले की आधी सिगारेट शिलगावायचा! तिथे चोखंदळपणा कुठे गुंडाळून ठेवायचा, देव जाणे.

खालच्या मजल्यावर धाकटा भाऊ राहायचा. तो लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. म्हणजे दिवसभर शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसायचं आणि हसऱ्या तोंडाने म्हणायचं, "छान, छान, आता जरा भिंत सोडून." असल्या धंद्यात माणूस सिगारेट ओढणार नाही तर काय करणार? ओढायचा, दादांपेक्षा जास्त ओढायचा. लहानपणापासून त्याचं असंच. दादांनी केस मागे वळवले की यानेही वळवले. दादांनी गच्चीवर चोरून पहिली सिगारेट ओढली, तिचं उरलेलं थोटूक याने ओढलं.

मग गेल्या थंडीत धाकट्याच्या छातीने असा काही इंगा दाखवला की त्याला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. नाकात नळी, हाताला सुई, आणि समोर डॉक्टरीणबाई, हाताची घडी घालून. त्या म्हणाल्या, "आता पुन्हा ओढलीत तर मला तोंड दाखवू नका. मला काही करता येणार नाही." धाकट्याने कानाला खडा लावला. महिनोन् महिने लवंग चघळली, शिकाऊ लोकांवर डाफरला, एकदा तर जिन्यात बसून ढसाढसा रडला. पण सोडली हो! सगळ्या घराने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो टाकतानाही सगळ्यांना एकच धास्ती होती, की हा पुन्हा धरतो की काय. अजून एक थंडी त्याची छाती सोसणार नव्हती, हे लहान पोरालाही कळलं असतं.

आणि नेमकं अशात दादांना ते पाकीट दिसलं.

तंबाखूच्या दुकानात, काचेच्या मागे, रंगीबेरंगी पाकिटांच्या गर्दीत ते एकटंच गरिबासारखं उभं होतं. खरखरीत तपकिरी कागद. हा कागद चकचकीत कागदापेक्षा महाग पडतो, हे दादांशिवाय दुकानात कुणाला ठाऊक असणार! मधोमध एकच पान, एकाच शाईत, अगदी लहानसं. आजूबाजूला कितीतरी कोरी जागा. खाली अक्षरं, सुटी सुटी, शांत: 'पान आणि पाणी. दुसरं काही नाही.' दादा बघतच राहिले. त्यांनी काचेला नाकच लावलं. चहाड्या करणारे म्हणतील की माणूस सिगारेटसाठी कासावीस झाला होता, पण तसं नाही. तो छपाईने गहिवरला होता.

"ज्याने एवढी जागा कोरी सोडलीय," ते घरी येऊन बायकोला म्हणाले, "तो माणूस खोटं बोलूच शकत नाही."

जन्मभर लोकांना पान दाखवून माल गळ्यात मारणारा हा गृहस्थ, आणि शेवटी स्वतःच एका पानाला भुलला! दुसरा कुणी भुलला नसता. दुसऱ्याला पाकीट उघडून माल बघायचा असतो. दादांचं सगळं परीक्षण पाकिटावरच संपायचं.

तेव्हापासून दादांना शुद्धतेचं वेड लागलं. कंपनीच्या साध्या सिगारेटीत काय काय असतं ते त्यांनी शोधून काढलं आणि जेवताना सांगायला लागले. साखर असते, कोको असतो, पान ओलं राहावं म्हणून रसायनं असतात, झणका वाढावा म्हणून आणखी काहीबाही असतं. "आणि हे आपण आजवर ओढत होतो!" असं म्हणून ते कपाळाला हात लावत आणि त्या धक्क्यातून सावरायला गॅलरीत जाऊन एक ओढून येत.

मग त्यांना कळलं की भेसळ नसलेली तंबाखू आणि सेंद्रिय तंबाखू या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. झालं! झोपच उडाली. भेसळ नसलेलीत वरून काही घातलेलं नसतं, पण शेतात तिच्यावर औषध फवारलेलं असू शकतं. सेंद्रिय तंबाखूवर शेतात फवारणी नसते, पण नंतर कारखान्यात तिच्यात काय मिसळतील याचा भरवसा काय? म्हणजे दोन्ही शिक्के हवेत. आणि शिवाय कागद? कागद पांढरा करायला काय वापरतात? डिंक कशाचा? फिल्टर तर सगळा प्लॅस्टिकचाच. हळूहळू दादा तयार सिगारेटीवरून सुट्या तंबाखूवर आले, पांढऱ्या कागदावरून भुऱ्या कागदावर आले आणि स्वतः वळायला लागले. कपड्यांवर, गादीत, पुस्तकांच्या पानांत, सगळीकडे तंबाखूचा भुसा. बायको म्हणाली, "आधी नुसता धूर होता, आता कचराही झाला. प्रगती आहे."

एका रविवारी दादांनी जेवायच्या टेबलावर सगळे प्रकार मांडले. एका बशीत भेसळ नसलेली, एकीत सेंद्रिय, एकीत नुसत्या उन्हात वाळवलेली, आणि एकीत म्हणे फक्त पावसाच्या पाण्यावर वाढवलेली. मग चिमूट चोळायची, उजेडात धरायची, नाकाशी न्यायची. पण घोडं अडलं तिथेच. दादांच्या नाकाला काही म्हणजे काही कळेना! इतक्या वर्षांच्या धुराने त्या नाकाची पार वाट लागली होती. चारही बशांना एकच वास, जुन्या कपाटाचा.

तेवढ्यात खालून धाकटा आला. तोंडात लवंग. दादांचे डोळे चमकले.

"अरे, तू सोडल्यापासून तुझं नाक उघडलंय. तूच सांग बघू यातली खरी कुठली."

आता काय बोलायचं या माणसाला! भावाने रडत रडत सिगारेट सोडली, त्यामुळे त्याचं नाक परत आलं, आणि ते परत आलेलं नाक यांना कशासाठी हवं, तर तंबाखू पारखायला. दादांची बायको हातातलं काम टाकून आली. "अहो, भाऊजींना कशाला ओढता त्यात?" पण दादा म्हणाले, "नुसता वास घ्यायचाय. वासाने कुणाला काय होतंय?"

धाकट्याने लवंग काढून हातात धरली आणि वास घेतला. दुसऱ्या बशीशी तो थांबला. डोळे मिटले. "ही," तो म्हणाला, "हिला मधासारखा वास आहे." दादांना कोण आनंद झाला! त्यांनी भावाला मिठीच मारली. पुढच्या रविवारी नुसत्या वासावर काय ठरणार म्हणून एक झुरका झाला, तोही धूर आत न घेता, निव्वळ चवीसाठी. त्याच्या पुढच्या रविवारी धाकट्याने आपण होऊन सांगितलं की धूर आत घेतल्याशिवाय पानाचा खरा गुण कळत नाही. दादांनी मान डोलावली. मुद्दा बिनतोड होता.

मग एका दुपारी धाकट्याची बायको वर आली. हातात तेच तपकिरी पाकीट. डोळे रडून सुजलेले.

"दादा, हे यांच्या गाडीत सापडलं. सीटखाली. आणि गेले चार दिवस पुन्हा तसाच खोकतायत."

दादा चाचरत म्हणाले, "अगं, पण ती साधी नाही. त्यात भेसळ..."

तिने पाकीट उलटं केलं आणि तळाची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. "'निव्वळ पान म्हणून ही सिगारेट कमी घातक आहे, असं नव्हे.' हे काय आहे मग, दादा?"

"ती ओळ कायद्याने टाकावी लागते," दादा म्हणाले. "आम्हीही टाकतो. ती काही वाचायची नसते गं, ती नुसती असायची असते."

"आणि वरच्या ओळी? त्या वाचायच्या असतात होय?"

तिने पाकीट टेबलावर ठेवलं. "डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले मी. त्या म्हणाल्या, पान कुठल्या खतावर वाढलं ते छातीला कळत नाही. पेटलं की डांबर तेच, धूर तोच. मी यांना सांगून दमले. म्हणतात, दादाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांनी सोडली ती भीतीने, दादा, आणि धरली ती तुमच्या शब्दावर. आता तुम्हीच सोडवा. माझं कुणी ऐकत नाही."

दादा तसेच चपला अडकवून निघाले. जिना उतरताना पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं की आपला भाऊ मरेल. लेबल नाही, ओळ नाही, सरळ तेवढंच. ते दोन-दोन पायऱ्या उतरायला लागले.

शिकवणी संपवून धाकट्याने गाडी मोकळ्या मैदानाच्या कडेला लावली होती. काच खाली, कोपर बाहेर, बोटांत सिगारेट. दादा शिकाऊंच्या सीटवर जाऊन बसले.

"तू पुन्हा धरलीस?"

"धरली काय? तुझीच तर आहे." धाकट्याने सिगारेट कौतुकाने फिरवून दाखवली. "ती जुनी मी कुठे ओढतो? तिचा नुसता वास आला तरी डोकं उठतं."

"अरे गाढवा, धूर तो धूरच की!"

"असं कसं? तूच म्हणालास ना, त्यांच्या सिगारेटीत जळतात ती रसायनं, हिच्यात जळतं ते फक्त पान. पान काय, बागेतही जाळतात, म्हणालास. मी तर शिकाऊंनाही सांगतो."

दादांना आठवलं, म्हणालो होतो खरं. आणि लाजिरवाणी गोष्ट अशी, की अशा प्रसंगीसुद्धा त्यांना वाटून गेलं, ओळ चांगली जमली होती.

"ऐक माझं," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "मी थापा मारल्या. मला काही कळत नाही. मी लेबलं लिहितो रे, माझा धंदाच तो आहे. माझ्या बोलण्यावर कसला जातोस?"

धाकटा हसला. अगदी लहानपणी हसायचा तसा, सगळा विश्वास तोंडावर घेऊन. "लोकांना मारत असशील थापा. मला कशाला मारशील?"

दादा बोलायला लागले आणि मग थांबेचनात. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, नळीची, सुईची आठवण करून दिली, बायकोचे सुजलेले डोळे सांगितले. शपथ घातली. "सोड," म्हणाले, "तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. आत्ताच्या आत्ता सोड. यात शुद्धबिद्ध काही नसतं. मेलास तर मी कुणाकडे बघू?" आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस एकही सजवलेला शब्द न वापरता बोलत होता.

धाकटा मान हलवत होता, पण तो दादांच्या तोंडाकडे बघत नव्हता. तो खाली बघत होता, दादांच्या मांडीवर. दादांनीही खाली पाहिलं. बोलण्याच्या भरात बोटांनी खिशातून पिशवी काढली होती, भुरा कागद पसरला होता, चिमूटभर तंबाखू त्यावर नीट सारखी केली होती. सिगारेट वळून तयार होती. फक्त कडेला जीभ लावायची राहिली होती.

धाकट्याने टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. तो वाट बघत राहिला. दादांनी सिगारेट खाली ठेवायची म्हणून हात हलवला, आणि हात तोंडाकडे गेला. कड ओली झाली. कागद चिकटला.

धाकट्याने काडी ओढली, वाऱ्याला तळव्याचा आडोसा केला आणि आधी दादांची पेटवून दिली. मग आपली विझलेली पेटवली. दोन झुरक्यांत त्याला ढास लागली. तो स्टिअरिंगच्या दिशेने वाकला, लाल झाला, डोळे पांढरे झाले, तरी ढास थांबेना. दादा घाबरून त्याची पाठ चोळायला लागले, डाव्या हाताने. उजवा हात मोकळा नव्हता.